आहारताईंची अळंबी

आहारताई नावाची बाई मुळात जन्मालाच आलेली नव्हती. पण सासूबाई आयुष्यात कुणाचं निमूट ऐकत असतील, तर ते तिचंच. नवऱ्याचं त्यांनी कधी ऐकलं नाही, तो बिचारा वर जाऊन सुटला. मुलीचं ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांचं त्या ऐकून घेत, पण मनावर घेत नसत. आणि जावयाचं म्हणाल, तर तो बोलायला लागला की घरात पंखा चालू असावा तशा त्या खिडकीबाहेर बघत.

आता गंमत अशी, की आहारताई म्हणजे हा जावईच.

तो एका दैनिकात उपसंपादक होता. आठवड्याच्या पुरवणीतलं आरोग्याचं पान त्याच्या गळ्यात होतं. त्या पानावर पूर्वी एक खरीखुरी आहारतज्ज्ञ बाई लिहायची. लिंबाच्या पाण्याने चरबी वितळते असं लिहायला तिने नकार दिला आणि एक दिवस ती यायचीच बंद झाली. तेव्हा मुख्य संपादकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. हे संपादक दुसऱ्याच्या मजकुराला इतक्या प्रेमाने कात्री लावत, की सगळी कचेरी त्यांना पाठीमागे कात्रीच म्हणायची.

"सदराचं नाव तेच ठेव, फोटो तोच ठेव, मजकूर तू लिही," कात्री म्हणाले.

"साहेब, मला आहारातलं काही कळत नाही."

"म्हणूनच सोप्या भाषेत लिहिशील."

फोटो पांढरा कोट घातलेल्या एका हसऱ्या बाईचा होता. कुठल्याशा एजन्सीकडून विकत घेतलेला. तिच्या हातात एक लालभडक सफरचंद होतं, आणि फोटो काढून झाल्यावर ते तिला खायला मिळालं असेल की परत ठेवावं लागलं असेल, असा विचार जावयाच्या मनात दर आठवड्याला यायचा. लोक मात्र त्या फोटोवर विश्वास ठेवत. सासूबाई तर म्हणायच्या, "चेहऱ्यावरूनच कळतं, बाई वेळेवर जेवते."

सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्याला आता बराच काळ झाला होता. रस्त्याकडची खोली त्यांची, स्वयंपाकघर त्यांचं, आणि पेपर पहिला वाचायचा मानही त्यांचाच. जावयाच्या बायकोला खरं काय ते माहीत होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे खोटी ठिकाणं नकाशात दाखवली तर किती गोंधळ उडतो हे तिला कळायला हवं होतं. पण आईला कुणाचं तरी कौतुक करताना ती पहिल्यांदाच बघत होती, आणि कौतुक नेमकं नवऱ्याचं चाललं होतं. ही मजा हातची घालवावी असं तिला वाटेना.

"सांगून टाकू का?" त्याने एकदा विचारलं.

"सांग की. दुसऱ्या दिवसापासून ती पुरवणीत भांडी गुंडाळायला लागेल."

त्याने सांगितलं नाही.

पुढे एका कंपनीने त्या पानाच्या तळाशी मोठी जाहिरात दिली. कंपनी मशरूमची पाकिटं विकायची. कात्रींनी लगेच फर्मान काढलं, की आहारताईंना यापुढे दर आठवड्याला मशरूमचा ध्यास लागलेला दिसला पाहिजे. "पण मशरूम म्हणू नकोस," ते म्हणाले, "अळंबी म्हण. अळंबी म्हटलं की अभ्यास वाटतो."

जावयाला मशरूम लहानपणापासून आवडत नसत. ओलं खोडरबर चावल्यासारखं वाटतं, असं त्याचं मत. तरी पोटासाठी माणूस काय काय करतो. त्याने दोन-चार पुस्तकं उघडली आणि कामाला लागला. अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, असं पुस्तकात होतं. ते जरा पाणचट वाटलं, म्हणून त्याने लिहिलं, "निसर्गाने भरून ठेवलेली नाजूक घागर." उष्मांक कमी, तंतू बरे, पोटॅशियम आणि सेलेनियम आहे, बी गटातली काही जीवनसत्त्वं आहेत, कापून थोडा वेळ उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्वही वाढतं. हे सगळं खरं होतं, म्हणून त्याला जरा फिकं वाटलं. भाज्यांच्या मानाने प्रथिनं चांगली असतात, या वाक्याला त्याने थोडी हवा भरली आणि ते "मांसाला मान खाली घालायला लावणारी अळंबी" असं फुगून बाहेर आलं.

पुरवणी आली त्याच दिवशी सासूबाईंनी मशरूमची पाकिटं आणली.

"आई, हे मशरूम कशाला?" जावयाने विचारलं.

"अळंबी म्हणावं. मशरूम काय, दुकानदार म्हणतात."

त्यानंतर घरात अळंबीचं राज्य सुरू झालं. सासूबाईंच्या हाताला चव होती, हे शत्रूनेही मान्य करावं. त्या अळंबी पाण्यात बुडवून ठेवत नसत, ओल्या फडक्याने पुसून घेत. मोठ्या कढईत थोडी थोडीच टाकत, कारण गर्दी केली की ती भाजली न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते. पाणी सुटून आटलं, कडा तांबूस झाल्या, की मग लोणी, लसूण, मिरी आणि अगदी शेवटी मीठ. देठं टाकायची नाहीत, ती उकळून त्या पाण्यात भात. उरलेली वाळवून पूड, ती सुपात, डाळीत, रश्श्यात. सकाळी पावावर अळंबी, दुपारी डब्यात अळंबी, संध्याकाळी वाटाण्यांच्या सोबतीला अळंबी. खोडरबर चांगलं भाजलेलं आणि लोण्यातलं होतं एवढंच.

"खा, खा," सासूबाई त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढत. "आहारताई काय म्हणते वाचलंत का? की तुमच्याच पेपरातलं तुम्हाला बाहेरून कळतं?"

"वाचलं."

"तुमच्याच कचेरीत बसते ना ती? मग जरा तिच्याजवळ बसत जा. थोडं तरी अंगाला लागेल."

बायकोला त्या वेळी पाण्याचा ठसका लागला आणि ती उठून गेली.

खरं सांगायचं तर जावयाला या सगळ्याची चटक लागली. ज्या घरात त्याच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, तिथे त्याचा शब्द कात्रून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला जात होता. मग त्याने हळूच एक प्रयोग केला. अळंबी पचण्यासाठी काय करावं, या चौकटीत त्याने एक वाक्य सोडून दिलं, "जेवताना इतरांच्या चुका काढल्यास जठराग्नी मंदावतो." त्या आठवड्यात सासूबाई जेवायला बसल्या, जावयाच्या शर्टाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि घास घालून मिटलं. सगळं जेवण शांततेत झालं. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याला वाटलं, हुकूमशहांना झोप कशी लागत असेल ते आता समजलं. चांगली लागते.

दुपारच्या झोपेचे फायदे त्याने पुढच्या लेखात घातले. त्यानंतर रविवारी त्याला कुणी उठवलं नाही.

असंच बरं चाललं होतं. एका आठवड्यात पान लावणारा ऑपरेटर त्याच्या टेबलापाशी आला. मशीन खोळंबलं होतं. "तुमच्या ताईंचा मजकूर कमी पडतोय," तो म्हणाला. "खाली दोन ओळींचं भोक राहतंय. काहीतरी द्या लवकर."

जावई तेव्हा चहात बिस्किट बुडवत होता. बिस्किट तुटून कपात पडायच्या आत त्याने दोन ओळी सांगून टाकल्या: "मांस, अंडी न खाणाऱ्यांनी बी-बारा जीवनसत्त्वाची चिंता सोडावी. रोज अळंबी खा आणि इंजेक्शनं विसरा."

ऑपरेटरने टाइप केलं. भोक बुजलं. पान गेलं. इतकी चपखल बसली होती ती दोन वाक्यं, की जावयाला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढे काही महिने कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते असं, की एका सकाळी सासूबाई खोलीतून स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी पॅसेजमध्ये पडली होती. त्यांना पत्ता नव्हता.

"आई, तुमची चप्पल," जावई म्हणाला.

त्यांनी खाली पाहिलं. क्षणभर त्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हल्ली चपला नीट बनवतच नाहीत."

दोन दिवसांनी त्यांच्या हातून चहाचा कप सुटला. मग जिना उतरताना त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलेलं त्याने पाहिलं, आणि ज्या बाईने आजवर कठड्याच्या रंगापासून त्याच्या हजामतीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली, ती खाली पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या शांततेने तो जास्त घाबरला. ती जठराग्नीची शांतता नव्हती.

"पायाला काही होतंय का?" त्याने विचारलं.

"मुंग्या येतात. कापसावर चालल्यासारखं वाटतं. वय झालं, काय होणार."

"डॉक्टर दर महिन्याला ते इंजेक्शन देतात ना तुम्हाला? बी-बाराचं?"

"ते सोडलं केव्हाच."

"सोडलं? मुलीला तर तुम्ही सांगता, घेऊन आले म्हणून."

"तिला कशाला सांगू, कटकट करेल. घराबाहेर पडते, बाकावर बसते, परत येते." सासूबाईंनी कपाटाचं दार उघडलं आणि आत चिकटवलेल्या कात्रणावर बोट टेकवलं. "हे वाचा. आहारताईंनी स्पष्ट लिहिलंय. अळंबी खा आणि इंजेक्शनं विसरा. म्हणून तर सकाळ-संध्याकाळ खातेय ना? मला काय खोडरबर चावायची हौस आहे?"

म्हणजे त्यांनाही ती आवडत नव्हती. एरवी जावई हसला असता. आता त्याने वाकून पाहिलं. ते कात्रण त्याच्यासमोर होतं, कडेने सुबक कापलेलं, आणि तळाच्या दोन ओळींखाली सासूबाईंनी पेन्सिलने रेघ ओढली होती.

कचेरीत जाऊन त्याने ते केलं, जे लिहायच्या आधी करायला हवं होतं. पुस्तक नीट वाचलं. अळंबीत बी गटातली इतर जीवनसत्त्वं होती, पण बी-बारा इतकं नाममात्र, की त्यावर माणसाने भिस्त ठेवावी असं त्यात काही नव्हतं. मग त्याने सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन लावला.

"ताबडतोब घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "नसांवर परिणाम झाला असणार. वेळ घालवला तर भरून येणार नाही. पण अळंबीने बी-बारा भागतं, हे त्यांना कुठल्या गाढवाने सांगितलं?"

"आमच्याकडे एक बाई आहे," जावई म्हणाला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने फक्त, "आत चल," म्हटलं, आणि दोघं सासूबाईंच्या खोलीत गेले.

"आई, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय," जावई म्हणाला. "इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं. ते जे लिहिलंय ना, ते चूक आहे."

"तुम्ही आहारतज्ज्ञ कधीपासून झालात?"

"आहारताई कुणी नाहीच. ते मी लिहितो."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि त्याच्याकडे बघून हसायला लागल्या. बरंच हसल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"तुम्ही? तुम्हाला पाणी उकळलेलं कळत नाही."

"खरंच मी लिहितो. हिला विचारा."

"हो गं आई, तोच लिहितो," बायको म्हणाली.

"तू नवऱ्याची बाजू घेणारच. किती झालं तरी त्याचं नाव राखायला नको का." त्यांनी जावयाकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात विचारलं, "मला सांगा, तुम्हाला अळंबी आवडते का? पहिल्या दिवसापासून बघतेय मी, पाण्याच्या घोटाबरोबर गिळता. ज्याला आवडत नाही तो इतकं गोड लिहील कसा?"

"तेच तर माझं काम आहे, आई."

"म्हणजे तुमची कचेरी लोकांना खोटं सांगते आणि तुम्ही इतकी वर्षं तिथे तेच करता?"

सासूबाईंनी चादर ओढून घेतली. "दुसऱ्याच्या हुशारीवर जळू नये," त्या म्हणाल्या. "ताई स्वतः सांगेल तेव्हा घेईन मी इंजेक्शन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन समजावून गेले. सासूबाईंनी त्यांना अळंबीचं सूप दिलं, पाण्याच्या घोटासारखं शांतपणे त्यांचं म्हणणं घशाखाली जाऊ दिलं, आणि दंड काही पुढे केला नाही. तो माणूस सूप पिऊन गेला. चांगलं झालंय म्हणाला.

आता उरला एकच मार्ग. जावई कात्रींच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, आहारताईंच्या मजकुरात चूक गेलीय. दुरुस्ती छापायला हवी."

"दुरुस्ती?" कात्रींनी हा शब्द जुन्या आजारासारखा उच्चारला. "पुरवणीत? म्हणजे लोकांना कळेल की आपण चुकतो. आणि खाली जाहिरात कुणाची आहे माहीत आहे ना?"

"लोक इंजेक्शनं सोडतायत."

"किती लोक?"

"एक तरी नक्की."

"मग त्यांना फोन कर," कात्री म्हणाले आणि दुसऱ्या कुणाच्या मजकुराकडे वळले.

जावई जागेवर येऊन बसला. कात्री सगळ्या पेपरावर नजर ठेवत, पण आरोग्याचं पान कधी वाचत नसत, कारण ते वाचलं की आपल्याला त्यातलं सगळं झालंय असं त्यांना वाटे. एवढ्या एका आधारावर त्याने लिहायला घेतलं. तो मजकूर लिहिताना त्याला पहिल्यांदाच वेळ लागला. एरवी आहारताई त्याच्या बोटांतून धो धो वाहायची. आज प्रत्येक वाक्याआधी तो पुस्तक उघडत होता.

ताईंनी लिहिलं, की मी चुकले. अळंबीत बी-बारा जवळजवळ नसतं. ज्यांना डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, त्यांनी ते माझ्या सांगण्यावरून थांबवलं असेल, तर आजच जाऊन घ्यावं, उद्यावर ढकलू नये. पायांना मुंग्या येणं, हातून वस्तू पडणं, तोल जाणं ही वयाची लक्षणं समजू नयेत. मांसाला मान खाली घालायला लावणं वगैरे मी लिहिलं ते अतिशयोक्त होतं. अळंबी ही एक चांगली, हलकी भाजी आहे, तिच्यात घेण्यासारखं बरंच आहे, पण ती औषध नाही. आणि जेवताना चुका काढण्याचा जठराग्नीशी काही संबंध नाही. हे शेवटचं वाक्य लिहायचं की नाही यावर तो बराच वेळ अडला, मग त्याने ते ठेवलं.

ऑपरेटर म्हणाला, "या वेळी मजकूर जास्त झालाय. काय काढू?"

"फोटो काढ," जावई म्हणाला.

पुरवणी आली त्या सकाळी तो बाथरूममध्ये दाढी करत असल्याचं सोंग करत राहिला. बाहेरून काहीच आवाज येईना. मग सासूबाईंची हाक आली. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसल्या होत्या, समोर पुरवणी पसरलेली, आणि रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"फोटो नाही घातला बिचारीने," त्या म्हणाल्या. "लाज वाटली असेल." मग थोड्या वेळाने, "चला. डॉक्टर किती वाजता उघडतात?"

दवाखान्यात त्यांनी स्वतःच बाही वर केली. डॉक्टर म्हणाले की आता सुरुवातीला वरचेवर यावं लागेल, मुंग्या जायला महिने लागतील, आणि सगळंच पूर्ववत होईल असं आत्ता सांगता येणार नाही. जावई भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत उभा होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही कशाला तोंड पाडलंय? सुई मला टोचलीय."

कंपनीने त्याच आठवड्यात जाहिरात काढून घेतली. कात्रींनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आरोग्याचं पान शेवटपर्यंत वाचलं आणि ते वाचल्यावर त्यांना जे काही झालं, ते मात्र खरं होतं. आहारताईंचं सदर बंद झालं. जावयाची रवानगी हवामान आणि निधनवार्ता या विभागात झाली, जिथे सजवून लिहायला फारसा वाव नसतो आणि वाचक सहसा तक्रार करत नाहीत.

पुढच्या आठवड्यात सदर न दिसल्यावर दुपारी कचेरीतला फोन वाजला. ऑपरेटरने तो त्याच्याकडे दिला.

"मला आहारताईंशी बोलायचंय," पलीकडून सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी बोलतोय."

"तुम्ही नकोत. तिला द्या."

जावयाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "ती नाही आता इथे," तो म्हणाला. "गेली सोडून."

"काढलं तिला?"

"हो."

"मला वाटलंच." सासूबाई म्हणाल्या. "भेटली तर निरोप द्या. म्हणावं, एक म्हातारी तुझ्यावर रागावलीय. पण तू छापून कबूल केलंस म्हणून ती जिना उतरू शकतेय. एवढी शिकलेली बाई, फोटोसकट प्रसिद्ध, आणि चुकले म्हणायला कचरली नाही. माझ्या आयुष्यात हे दुसऱ्या कुणी केलेलं मला तरी आठवत नाही. नीट लिहून घेताय ना?"

"घेतोय."

"रडताय की काय?"

"सर्दी झालीय."

"मग गरम पाणी प्या. तेवढं तरी कुणाला विचारायला नको."

पुढे घरातली अळंबी एकदम कमी झाली. महिन्यात कधीतरी, इतर भाज्यांच्या रांगेत तिची पाळी येई. सासूबाई पुन्हा जेवताना शर्टावर, भातावर, जावयाच्या बसण्यावर बोलू लागल्या, आणि तो मुकाट ऐकून घेऊ लागला. आपणच ताई होतो हे त्याने पुन्हा कधी काढलं नाही. बायकोने एकदा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. एक तरी शहाणं माणूस त्यांच्या ओळखीचं असू दे."

थंडीचे दिवस आले. एका सकाळी दोघं चहा पीत बसले होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंची तक्रार ऐकू आली. फरशी बर्फासारखी गार झालीय, या घरात कुणी एक सतरंजी टाकेल तर शपथ, पायाला नुसती कळ येतेय.

बायको चप्पल द्यायला उठत होती. त्याने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "फरशी गार लागतेय त्यांना. बोलू दे."